लाल ठिपका

थांबा. ट्रॉली जरा बाजूला घ्या.

टोरांटोच्या कार्लटन स्ट्रीटवरचं हे किराणा दुकान. दोन्हीकडे मालाच्या रांगा. आता खाली पाहा. फरशीवर एक लाल ठिपका आहे.

त्याच्यापाशी उभे राहा. घाई नको.

श्वास घ्या. सोडा.

इथे आइस हॉकीच्या मैदानाचा मध्य होता. मेपल लीफ गार्डन्सचा.

१९३१ साल आहे. मंदी आहे. कामगार मजुरीचा काही भाग शेअर्सच्या रूपात घेतात आणि सहा महिन्यांच्या आत इमारत उभी करतात. १२ नोव्हेंबरला पहिला सामना. घरचा संघ, मेपल लीफ्स, शिकागोकडून हरतो.

हरू दे. तुम्ही ठिपक्यापाशीच राहा.

तळव्यांकडे लक्ष द्या. जमिनीत नळ्या आहेत, नळ्यांतून गारठलेलं खारं पाणी फिरतंय. वर पाण्याचा फवारा. तो गोठतो. पुन्हा फवारा. पुन्हा गोठतो. थरावर थर चढतो, तरी जाडी जेमतेम इंचभर.

त्या इंचभरावर पाती धावतात. ऐका. खर्र... खर्र... एकजण करकचून थांबतो. बर्फाचा चुरा उडतो, हवेत क्षणभर राहतो.

तुम्हीही राहा.

बर्फावर आता फळ्या आहेत. १९६४. बीटल्स गातायत, गाणं किंकाळ्यांत बुडालंय. त्या किंकाळ्या विरू द्या.

१९६६. मुहम्मद अली आणि टोरांटोचाच जॉर्ज चुवालो. मुष्टियुद्धाच्या १५ फेऱ्या. अली जिंकतो, पण चुवालो एकदाही खाली पडत नाही. त्याचा श्वास ऐका. जड आहे. आपला श्वास त्याच्यासोबत चालू द्या.

१३ फेब्रुवारी १९९९. मेपल लीफ्सचा इथला शेवटचा सामना. समोर पुन्हा शिकागो, पुन्हा हार. (अशी जोडी मुद्दाम जुळवली असती, तर कुणाला पटली नसती.)

आणि मग हे दुकान, २०११पासून.

आता मान वर करा. दुकानाचं छत दिसतं. त्याच्याही वर चला, मनानेच.

वर तोच जुना घुमट आहे. मध्ये एकही खांब नाही. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जाऊ द्या.

घुमटाखाली विद्यापीठाचं मैदान आहे, बर्फाचं. यंत्र चकरा मारतंय. बर्फाचा ओरखडलेला पापुद्रा खरवडतंय आणि मागे पाणी पसरतंय, तेही गरम. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो आणि नवं पाणी त्यात मुरून गोठतं.

पाहत राहा. ओला पट्टा चकाकतो. मग चकाकी मावळते.

यंत्र बाहेर जातं. दार उघडतं, खेळाडू उतरतात, शिट्टी वाजते, आणि पहिल्याच मिनिटाला पकची चकती फळीवर धाडकन आदळते.