नेकचंदांचा अपराध

कलेचा विचार करतांना आपल्याकडील टीकाकारांनीं कलावंताच्या हेतूची जितकी चिकित्सा केली आहे तितकी त्याच्या अधिकाराची केलेली नाहीं. कला ही कलेसाठीं असावी कीं जीवनासाठीं, या प्रश्नावर फडके व खांडेकर यांच्या अनुयायांनीं एके काळीं किती शाई खर्च केली हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कलावंतानें आपली कृति कोणाच्या जागेवर, कोणाच्या साहित्यानें आणि कोणाच्या अनुज्ञेनें उभारावी, व ती उभारल्यावर तिच्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्या वादांत फारसा उपस्थित झाला नाहीं. याचें कारण उघड आहे. तो वाद मुख्यतः वाङ्मयाचा होता, आणि लेखकास दौत, टांक व कागद यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. कविता कोणाच्या जमिनीवर अतिक्रमण करीत नाहीं. शिल्पकाराची गोष्ट निराळी. त्याला जागा लागते, माल लागतो, मजूर लागतात. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीशीं आणि सरकारच्या कायद्याशीं त्याची गांठ पहिल्या दिवसापासूनच पडते. या प्रश्नाचा विचार करण्यास चंदिगडच्या नेकचंद सैनी यांच्याइतकें सोईचें उदाहरण मला दुसरें आढळत नाहीं.

नेकचंदांचा जन्म १९२४ सालचा; गांव आतां पाकिस्तानांत गेलेल्या शकरगड तालुक्यांतलें. १९४७ च्या फाळणींत घरदार मागें टाकून त्यांचें कुटुंब इकडे आलें. लाहोर गमावलेल्या पंजाबसाठीं नवी राजधानी बांधली जात होती, तेथें सार्वजनिक बांधकाम खात्यांत रस्त्यांचे निरीक्षक म्हणून त्यांस नोकरी लागली. शहराचा आराखडा ल कॉर्बूझिए यांचा. सरळ रस्ते, कांटकोन, आणि प्रत्येक वस्तूस नेमून दिलेली जागा. हें आखीव शहर वसविण्यासाठीं कित्येक जुनीं खेडीं उठवावीं लागलीं. त्या खेड्यांतील पडक्या घरांचा मलबा, फुटकीं भांडीं, मोडके नळ, आणि शिवालिकच्या पायथ्याशीं नदीपात्रांत सांपडणारे चित्रविचित्र धोंडे हे सारें नेकचंद सायकलीवर लादून नेऊं लागले. १९५७ च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या एका घळींत त्यांनीं हा सांठा मांडावयास आरंभ केला. ती जमीन सरकारी राखीव जंगलाची होती व तीवर कोणतेंहि बांधकाम करण्यास मनाई होती. दिवसा सरकारी चाकरी आणि सायंकाळनंतर जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडांत हें चोरटें काम, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

मोझेइक म्हटलें कीं आपल्याकडे पुष्कळांस घरांतील ठिपक्यांची फरशी आठवते, म्हणून या कामाची रीत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. सायकलीचा सांगाडा, नळाचे तुकडे, लोखंडी सळ्या यांचा अस्थिपंजर करावयाचा, त्यावर सिमेंटाचें मांस चढवावयाचें, आणि शेवटचा थर ओला आहे तोंच त्यांत बांगड्यांच्या कांचा, बशांचे व पेल्यांचे ठिकऱ्या झालेले तुकडे, फरशीचे कपचे, विजेच्या जोडणीचे चिनी मातीचे भाग हें सर्व बोटांनीं दाबून बसवावयाचें. थर सुकला कीं संधि गेली. रावेन्नाच्या सान व्हिताले मंदिरांत, ज्याची प्रतिष्ठापना ५४७ सालीं झाली, सम्राट् जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांचीं जीं मोझेइक चित्रें आहेत त्यांतील कांचेचे खडे त्या चित्रांसाठींच घडविले व कापलेले आहेत. कारागिराला कोणता रंग कोठें हवा हें आधीं ठाऊक होतें. नेकचंदांपाशीं हें स्वातंत्र्य नव्हतें. ज्या रंगाच्या बांगड्या फुटल्या त्याच रंगाचें लुगडें त्यांच्या मूर्तीला मिळे. एकेक मूर्ति निराळी काढून पाहिली तर ती साधारणच वाटेल; चेहरे ओबडधोबड आहेत, हातपाय ताठ आहेत. पण त्या एकेकट्या उभ्याच नाहींत. घागरी घेतलेल्या बायका, शिपाई, वाजंत्री, माकडें, मोर अशा रांगांवर रांगा, सर्वांचीं तोंडें येणाऱ्याकडे वळलेलीं, जणूं एखादें उठविलेलें गांव परत येऊन मुकाट्यानें उभें राहिलें आहे. त्या संख्येंतच त्यांचें सामर्थ्य आहे.

सत्तरीच्या दशकांत ही सृष्टि अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली तेव्हां ती सुमारें बारा एकरांवर पसरली होती. कायद्याप्रमाणें ती जमीनदोस्त करावयाची. पण लोकांचा ओढा पाहून सरकारनें ती राखली. १९७६ सालीं ‘रॉक गार्डन’ या नांवानें ती सर्वांस खुली झाली, आणि तिच्या कर्त्यास पगार, उपविभागीय अभियंत्याचा हुद्दा व पन्नास मजूर देण्यांत आले. १९८३ सालीं तिच्यावर टपालाचें तिकीट निघालें. १९८४ सालीं नेकचंदांस पद्मश्री मिळाली. (कॉर्बूझिए यांनीं या शहरासाठीं जी आज्ञावली लिहून ठेविली तींत शहरांत वा उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारूं नयेत असें एक कलम आहे. नेकचंदांच्या हजारों पुतळ्यांनीं त्या कलमाचा भंग केला असें मात्र म्हणतां येत नाहीं, कारण त्यांतल्या एकालाहि नांव नाहीं.)

आतां प्रश्न असा कीं, नेकचंदांनीं अपराध केला कीं नाहीं? पद्मश्री मिळालेल्या मनुष्याविषयीं असें विचारणें अनेकांस असभ्य वाटेल. परंतु पदवीनें प्रश्न मिटत नाहीं, केवळ दडतो. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालच्या आपल्या एका निबंधांत चित्रकार गोगँ याचें उदाहरण घेऊन असा मुद्दा मांडला होता कीं, कलेसाठीं बायकामुलांस सोडून जाणाऱ्याचें समर्थन करतां आलें तर तें त्याच्या यशानेंच करतां येईल, आणि तें यश तर निर्णयाच्या क्षणीं कोणाच्याच हातीं नसतें. यास त्यानें नैतिक दैव म्हटलें. कांटच्या शिष्यांस ही कल्पना असह्य वाटावी यांत नवल नाहीं. कर्माचें मोल फलावर ठरवूं नये असें लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांसहि ती सहज पटणारी नाहीं. नेकचंदांच्या मूर्ति कुरूप निघाल्या असत्या तर काय झालें असतें? बहुधा मूर्ति मोडल्या असत्या, नोकरी गेली असती, आणि दफ्तरांत एका अतिक्रमणाची नोंद राहिली असती. कृत्य तेंच, जागा तीच, कायदाहि तोच; मग केवळ सौंदर्यामुळें तें निर्दोष कसें ठरलें?

हा प्रश्न पंडिती खेळ नव्हे, कारण त्याच शहरांत दुसऱ्या प्रकारचीं अतिक्रमणें झालीं आहेत. ज्या मजुरांनीं चंदिगड बांधलें त्यांना त्याच्या आराखड्यांत घर नव्हतें. त्यांनीं झोपड्या घातल्या आणि त्या वेळोवेळीं पाडल्या गेल्या. डोक्यावर छप्पर हवें म्हणून घेतलेली वीतभर जागा गुन्हा ठरते, आणि मनाच्या ओढीनें घेतलेले बारा एकर सन्मानास पात्र होतात, हें कोणत्या न्यायानें? सौंदर्य हें जर अपराधाचें प्रायश्चित्त असेल तर तें फार थोड्यांस परवडणारें प्रायश्चित्त आहे. म्हणून ‘कृति सुंदर आहे, सबब क्षमा’ हें उत्तर मला मान्य होत नाहीं.

माझ्या मतें नेकचंदांचें समर्थन दुसरीकडे शोधलें पाहिजे, आणि तें मूर्ति सुंदर ठरण्यापूर्वींच हजर होतें. त्यांनीं घेतलें तें इतरांनीं टाकलेलें होतें. त्या घळींतून त्यांनीं कोणास हुसकावलें नाहीं, भाडें वसूल केलें नाहीं, एकहि मूर्ति विकावयास काढली नाहीं. धोका होता तो एकट्या त्यांच्या भाकरीला. कायदा मोडला हें खरें, आणि खुद्द सरकारी नोकरानें मोडला हें अधिक वाईट, ही बाजू मी लपवूं इच्छीत नाहीं. तथापि त्यांत कोणा माणसावर अन्याय झाला नव्हता. अपराध व अन्याय यांतील हा भेद मान्य केला कीं झोपडीवाल्याचा दावाहि कमी होत नाहीं, उलट वाढतो. कारण त्याच्याहि कृत्यांत बहुधा अन्याय नसतो, आणि गरज मात्र मूर्तिकाराच्या गरजेहून कितीतरी मोठी असते. हें ज्यांस अडचणीचें वाटेल त्यांनीं बागेचें कौतुक जरा जपून करावें.

प्रश्नाचा दुसरा भाग पगाराचा. चोरून काम करणारा मनुष्य सरकारी अभियंता झाला तेव्हां त्याच्या कलेचें काय झालें? मागणीनें कला मरते हा समज भोळा आहे. रावेन्नाचें काम राजाश्रयाचें. वेरूळचें कैलास लेणें राष्ट्रकूट कृष्णराजाच्या आश्रयाचें. तरीहि मागणीमुळें कांहीं बदलतें खास. आपल्या गणपतराव म्हात्रे यांनीं ‘मंदिरपथगामिनी’ घडविली ती १८९६ सालीं, ऐन तारुण्यांत, कोणाच्याहि फर्माशीवांचून; मुंबईच्या प्रदर्शनांत ती गाजली आणि त्या कीर्तीच्या बळावर पुढें त्यांनीं राण्यांचे, संस्थानिकांचे व अंमलदारांचे पुतळे जन्मभर घडविले. ते पुतळे कसबी हाताचे आहेत. पण म्हात्रे म्हटलें कीं आजहि आठवते ती पूजेला निघालेली ती मुलगीच. नीकी द सँ-फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीनें हा धोका पुरता ओळखला होता. जेरुसलेम, पॅरिस अशा शहरांसाठीं मागणीचीं कामें तिनें आनंदानें केलीं. परंतु इटलींत कापाल्बिओजवळ मित्रांनीं दिलेल्या जमिनीवर आरसे, कांच व भाजलेल्या मातीच्या फरश्या जडवून ती जी टॅरो पत्त्यांची प्रचंड बाग उभारीत होती, तिच्यासाठीं धन्याचें पाऊल नको म्हणून तिनें १९८२ सालीं स्वतःच्या नांवाचें अत्तर बाजारांत आणलें आणि त्याच्या विक्रींतून खर्चाचा मोठा वांटा उचलला. कित्येक वर्षें ती त्यांतील एका मूर्तीच्या पोटांत घर करून राहिली. बाग लोकांस खुली झाली ती १९९८ सालीं, म्हणजे आरंभानंतर सुमारें वीस वर्षांनीं.

या वीस वर्षांतच मला मर्म दिसतें. मागणी विषय ठरविते हें तिचें वैगुण्य नव्हे. विषय कोणीतरी ठरवावाच लागतो. मागणी ठरविते ती संख्या आणि तारीख. किती मूर्ति, कोणत्या दिवसापर्यंत, किती रुपयांत? नेकचंदांना त्या घळींत ‘पुरे’ म्हणणारें कोणी नव्हतें. म्हणूनच घागरवाल्या दहांच्या शंभर झाल्या आणि त्यांतून तो मूक जनसमुदाय उपजला. पगार सुरू झाल्यानंतर बाग चाळीस एकरांपर्यंत वाढली. धबधबे आले, उंच कमानी आल्या, झोपाळे टांगले गेले. मुलांस तो भाग फार आवडतो, आणि मुलांची आवड मी तुच्छ लेखीत नाहीं. परंतु कमानींना पाहून मनुष्य थक्क होतो, व रांगांपुढें तो गप्प होतो. परदेशांतून मागण्या आल्या तेव्हां वॉशिंग्टन येथील मुलांच्या संग्रहालयासाठीं नेकचंदांनीं एक बाग रचून दिली. ती १९८६ सालीं पुरी झाली. पुढें संग्रहालयानें ती जागा सोडली, आणि त्या मूर्तीहि तेथून हलल्या. ज्याच्या सांगण्यावरून वस्तु झाली त्याचें सांगणें संपलें कीं वस्तूचा आधार जातो.

चंदिगडांतहि हाच अनुभव थोड्या फरकानें आला. १९९० मध्यें रस्त्यासाठीं बागेचा भाग पाडण्यास बुलडोझर आले, तेव्हां शहरवासीयांनीं हातांत हात गुंफून ते अडविले. १९९६ सालीं नेकचंद परदेशीं असतां कित्येक मूर्तींची मोडतोड झाली. पूर्वीं सरकार ही बाग बेकायदेशीर म्हणून पाडूं शकत होतें. आतां स्वतःची मालमत्ता म्हणून पाडूं शकतें. या दोहोंपैकीं दुसरा अधिकार अधिक भयंकर नाहीं काय? दिल्लीच्या विज्ञान भवनासाठीं अमरनाथ सेहगल यांनीं सरकारच्याच मागणीवरून सुमारें १४० फूट लांब व ४० फूट उंच असें ब्राँझचें भित्तिशिल्प केलें होतें. १९७९ सालीं तें त्यांना न विचारतां उतरवून कोठारांत टाकण्यांत आलें. पुढें २००५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाच्या आधारें अवशेष कलावंतास परत देण्याचा आणि पांच लाख रुपये भरपाईचा हुकूम केला. मोल दिल्यानें वस्तु घेणाऱ्याची होते, परंतु ती विद्रूप करण्याचा हक्क त्या मोलांत येत नाहीं, हें तत्त्व त्या निकालानें आपल्या देशांत मान्य झालें.

तें तत्त्व या बागेस लावावयाचें झाल्यास एक अडचण उरते. नेकचंद २०१५ सालीं वारले. २०२५ सालीं उच्च न्यायालयाकडील रस्ता व वाहनतळ यांच्या सोईसाठीं बागेच्या भिंतीचा कांहीं भाग पाडण्यांत आला, आणि नागरिकांनीं पुन्हां निषेध केला. आतां कायद्याचें कलम रक्षण करतें तें ‘कर्त्या’च्या हक्काचें, पण बागेचा पुढचा विस्तार पगारी मजुरांच्या हातांनीं झाला आहे. पुण्याहून मी ती बाग पाहावयास गेलों तेव्हां प्रवेशद्वारापाशीं नेकचंदांची माहिती वाचली. त्या पन्नास जणांपैकीं कोणाचें नांव मला तेथें आढळलें नाहीं.