'नाही' म्हणण्याचा अधिकार

संस्कृत घेऊन एम.ए. केलं आणि मोखाड्यात फोटोचं दुकान टाकलं, म्हणून मला हसणारे पुष्कळ आहेत. पण मीमांसक कुमारिल भट्ट मला नीट कळला तो दुकानातच.

आमच्या बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, फोटो मी दरवर्षी काढतो. रात्रभर संबळ वाजतो, मशालीच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. फोल्डरना सोंगांचीच नावं देतो, देवनागरीत: गणपती, नरसिंह, रावण. संगणक बदलला तेव्हा सगळं नव्या डिस्कवर न्यायला एक जुनाट प्रोग्राम लावला. पट्टी भरली, 'काम पूर्ण' असं आलं. इंग्रजी नावांची लग्नं-बारशी सगळी पोचली, सोंग एकही नाही. तक्रारीची एक ओळसुद्धा नाही.

कारण साधं होतं. असे प्रोग्राम फोल्डरचं नाव युनिकोडमधून वाचत नाहीत, विंडोजच्या जुन्या अक्षरसंचातून वाचतात. त्या संचात 256 घरं, त्यांत देवनागरीला जागा नाही. घर न मिळालेल्या प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. 'रावण'ची झाली चार. काना वेगळा मोजतात. विंडोजमध्ये नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, तेव्हा असं फोल्डर असणं शक्यच नाही. 'सापडलं नाही तर पुढे चला', असं प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सांगून ठेवलेलं. म्हणजे तो खोटं बोलला नाही. चार प्रश्नचिन्हं नावाचं फोल्डर खरोखरच नव्हतं!

कुमारिल आठवला तो इथे. 'नाही' कसं कळतं, हा जुना वाद आहे: जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. दुसरा मीमांसक प्रभाकर म्हणतो, दिसते ती नुसती जमीन. 'नसणं' असं वेगळं काही नाहीच. सातव्या शतकातल्या कुमारिलानं त्यासाठी सहावं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं: अनुपलब्धी, न आढळणं. पण त्याला परंपरेनं एक अट जोडली: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात चाचपडून कुणी 'घडा नाही' म्हणू नये. बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्ती पिशाचाबद्दल तेच म्हणतो. जे मुळात दिसणारं नाही, त्याच्या न दिसण्यातून फक्त संशय निघतो, अभाव सिद्ध होत नाही. (आमच्याकडे पिशाचाबद्दल संशय नाहीच, सगळ्यांना खात्री असते.)

प्रभाकराचं मला पटत नाही. रावणाचं सोंग ज्यांच्या घराण्यात आहे ते काका फोटो बघायला आले. नवी डिस्क उघडली आणि त्यांनी लगेच विचारलं, "आमचा रावण कुठंय?" प्रोग्रामला दिसली नुसती जमीन. काकांना रावण नसल्याचं दिसलं, कारण कोण हवा होता ते त्यांना ठाऊक होतं.

त्या प्रोग्रामसारखेच बाहेरचे पाहुणे येतात आणि 'इकडे देवळं फारशी नाहीत' म्हणून जातात. शेंदूर फासलेला वाघदेव त्यांच्या वाटेतच असतो. त्यांनाही खोटं म्हणवत नाही.

पण 'असता तर दिसला असता' ही अट बुवांनाही फार सोयीची आहे. देव दिसला नाही म्हटलं की 'तुझी योग्यता नाही' हे उत्तर तयार! इथे मी अडतो. माझ्या सोंगांची खात्री करायला दुसरी वाट होती. दोन डिस्कांवरचा साठा जुळत नव्हता, आणि युनिकोड वाचणारा प्रोग्राम लावताच जुन्या डिस्कवरचा रावण हजर झाला. योग्यतेची भाषा बोलणाऱ्यानं अशी दुसरी वाट दाखवावी. ती दाखवता येत नसेल तर 'आहे' हेही त्याला म्हणता येणार नाही. माझ्यासारखाच तोही संशयात.

धर्मकीर्ती तर ईश्वर न मानणारा बौद्ध. 'दिसत नाही, म्हणून नाही' हा सोपा मार्ग त्यानं ईश्वरासाठी धरला नाही. जे नित्य आहे, कधी बदलत नाही, ते आधी जग न घडवता नंतर कसं घडवेल, असा वेगळा युक्तिवाद त्यानं प्रमाणवार्तिकात उभा केला. त्याचा निष्कर्ष मला अजून पचलेला नाही. पण 'नाही' म्हणण्यासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस मला 'आहे, आहे' म्हणणाऱ्या पुष्कळांहून जवळचा वाटतो.