कंसातलं नाव

माझ्या भाच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्याच पानावर वीसेक पात्रांची नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे कंसात एका नटाचं नाव. किल्लेदार (अमरीश पुरी). किल्लेदाराची विधवा बहीण (रीमा). कोठाराचा कारभारी (निळू फुले). मठातला म्हातारा पाद्री (डॉ. लागू). चौघंही आता हयात नाहीत. तरी दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की भुईगावच्या आमच्या ओटीवर ते येतात, बोलतात, दम देतात आणि साडेअकराला फासे डबीत गेले की निघून जातात.

हा खेळ आमच्याकडचा नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं तो बाजारात आणला. त्याआधी ही मंडळी छोटे सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळत. त्यांनी नवं सुचवलं ते असं, की खेळाडूनं फौज हलवायची नाही, एक माणूस व्हायचं. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. उरलेलं सगळं जग, म्हणजे वाटेतला भिकारी, खानावळीची मालकीण, राजा आणि राजाचा वैरी, एकटा ‘डीएम’, म्हणजे खेळ चालवणारा, बोलतो; आमच्याकडे तो माझा भाचा. नशिबाचा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकतात. बाकी सारं तोंडानं. भाच्यानं ड्रॅगन बाजूला ठेवले आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याचा वेढा खेळायला घेतला. किल्ला स्कूटरवरून थोड्याच अंतरावर असताना त्याला परकी भुयारं कशाला हवीत, हे मला पटलं.

मी खेळत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकतो. आणि गेलं वर्षभर एकाच गोष्टीचा विचार करतो आहे: एका माणसानं दुसऱ्या माणसाचा आवाज तोंडात घेतला की नेमकं काय होतं?

या खेळात आवाजाचं प्रस्थ अलीकडे फार वाढलं आहे. २०१५ साली अमेरिकेत ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम सुरू झाला. मॅथ्यू मर्सर आणि त्याचे मित्र, सगळे डबिंगच्या धंद्यातले कसलेले कलावंत, कॅमेऱ्यासमोर बसून हा खेळ खेळू लागले. ते पाहून जी मुलं खेळाकडे वळली त्यांची समजूत झाली की दहा आवाज काढता येत नसतील तर टेबलावर बसूच नये. भाच्याच्या गटात एक मुलगी आहे. ती पहिले तीन महिने ‘माझं पात्र विचारतं की...’ असंच म्हणायची. ‘मी’ म्हणून एकदाही बोलली नाही. तिला लाज वाटायची, आणि ती लाज खेळाची नव्हती, गळ्याची होती.

कंसातलं नाव हा या भीतीवरचा उपाय आहे, आणि तो चांगला आहे. वीस पात्रं, त्यातली काही दोन-दोन महिन्यांनी परत येणार. बहीण गेल्या वेळी कशी बोलली होती हे लक्षात कसं राहायचं? ‘रीमा’ एवढं लिहिलं की एक अख्खं गाठोडं हाताशी येतं. विशीतल्या पोराच्या घोगऱ्या गळ्यातून रीमाचा आवाज निघणं शक्य नाही, आणि तो तसा प्रयत्नही करत नाही. तो काय करतो ते मी जवळून पाहिलं आहे. बहिणीला कुणी प्रश्न विचारला की तो हातातलं पेन खाली ठेवतो, विचारणाऱ्याकडे सरळ बघतो, एक श्वास जाऊ देतो आणि मग बोलतो. बस्स. तेवढ्यानं ओटीवरच्या चौघांना कळतं की ही बाई आली.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. पु. ल. देशपांडे १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले तेव्हा त्यांनी अख्खी चाळ एका देहात वसवली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं केली. दिलीप प्रभावळकर ‘हसवाफसवी’त सहा जण झाले, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू त्यांचा आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजीही त्यांचेच. गळा तोच. एकाच घशातून बाहुल्यात शिरलेला खुनी आणि महात्मा, दोघंही बाहेर पडू शकतात. म्हणजे आवाज घशात नसतो, बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवं आहे त्यात असतो.

पण कंस फसवतोही. निळू फुल्यांचंच घ्या. भाच्याचा कारभारी बोलू लागला की मान तिरकी होते, शब्द लांबतात, ओठांच्या कोपऱ्यातून हसू येतं. सगळ्यांना ओळख पटते. पण ही ओळख त्या नटाच्या एका भागाची आहे. जब्बार पटेलांच्या ‘सामना’त त्यांनी सत्तेनं माजलेला हिंदुराव पाटील उभा केला, आणि त्याच पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये, १९७९ साली, सगळं पाहून आतून तुटत गेलेला पत्रकार दिगू टिपणीस. कंसात नाव लिहिताना दिगू कुणाच्या मनात येत नाही. आपण नटाचा साचा उचलतो, आणि ज्या पात्राला तो साचा चढवतो त्याला साच्याबाहेर हलताच येत नाही. कारभारी पहिल्या रात्रीच लबाड ठरला होता. पुढे त्यानं काहीही केलं असतं, अगदी कुणाचा जीव वाचवला असता, तरी खेळाडूंनी त्यात डाव शोधला असता.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच एका पात्रानं. मराठ्यांच्या तुकडीला खाडीकाठच्या वाटा दाखवणारा एक स्थानिक शेतकरी होता. आमच्या इकडचाच, आमच्या ख्रिस्ती कुपारी समाजातला म्हणावा असा. भाच्यानं त्याच्यापुढे कंसात नाटकांतल्या विनोदी घरगड्याचं काम करणाऱ्या एका नटाचं नाव लिहिलं होतं. शेतकरी बोलायला लागला तो सिनेमातल्या खेडवळासारखा: मालवणी नाही, घाटावरची नाही, कुठलीच बोली नाही, नुसतं ‘व्हय जी’. पोरं खूप हसली. आत माझी मावशी सोनचाफ्याच्या फुलांच्या पुड्या बांधत होती. तिनं हात थांबवले आणि आपल्या कादोडी बोलीत विचारलं. मराठीत त्याचा अर्थ असा: हा माणूस आपल्या गावचा ना? मग हा असा का बोलतो? याला घर नाही का?

भाचा घरी कादोडी बोलतो. आजीशी, आईशी, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पोहताना मित्रांशी, कादोडीच. पण खेळात शेतकरी उभा करायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडी आली ती भाषा त्याची नव्हती. शेतकऱ्यानं कसं बोलायचं हे जे नाटक-सिनेमानं ठरवून ठेवलं आहे, ती होती. मी त्याला दोष देत नाही. मीही कॉलेजच्या एकांकिकेत नेमकं हेच केलं होतं, आणि माझ्या घरच्या कुणी ते ऐकलं नव्हतं एवढाच फरक.

पात्रं वाटताना आपण बोलीही वाटतो, आणि बोली वाटणं म्हणजे प्रत्येकाची जागा ठरवणं. हे फार जुनं आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि बहुतेक स्त्रिया, सेवक, सामान्य माणसं वेगवेगळ्या प्राकृतांत. विदूषक जातीनं ब्राह्मण, पण हसवायचं काम त्याच्याकडे, म्हणून तोही प्राकृतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शकार हा राजाचा मेहुणा ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो. त्या एका अक्षरात त्याचा उर्मटपणा आणि उथळपणा दोन्ही ऐकू येतात. शूद्रक कानाचा किती तीक्ष्ण असेल याचं मला नेहमी नवल वाटतं. पण त्याच व्यवस्थेत वसंतसेनेसारखी बुद्धिमान बाईदेखील एरवी प्राकृतच बोलते. ही वाटणी मराठी रंगभूमीवरही उतरली. वर्षानुवर्षं दिवाणखान्यातली माणसं पुस्तकी मराठी बोलत आणि चहा आणणारा गडी मालवणी. मग १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं. त्यात कोकणातल्या एका गावचे लोक महाभारतातल्या भूमिका आपसात वाटून घेतात. भीम, दुःशासन, द्रौपदी सगळे मालवणीत. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. लोक हसले ते खरंच, पण त्या हसण्यात मालवणी माणूस पहिल्यांदाच यजमान होता. गड्याची बोली दिवाणखान्यात येऊन मधल्या खुर्चीवर बसली होती.

कादोडीला तशी खुर्ची अजून मिळायची आहे. आमच्या बायकांचा मात्र दिवसभर आवाज बदलण्यात हातखंडा आहे. मावशी तरुणपणी पहाटेच्या लोकलनं फुलं घेऊन दादरला जायची. घरातून निघताना कादोडी, चर्चमध्ये मिस्सेला प्रमाण मराठी, बाजारात गिऱ्हाइकाशी हिंदी, दर पाडून मागणाऱ्याशी आणखी वेगळी, करडी हिंदी. लाल लुगड्यातली ती एकच बाई एका सकाळीत चार पात्रं करायची आणि तिला कुणी कलावंत म्हणत नव्हतं. तिला कुणाच्या नावाचा कंस लागला नाही, कारण तिनं तो आवाज समोरच्या माणसाचं ऐकून ऐकून कमावला होता.

पुढच्या शनिवारी शेतकरी परत आला तो कादोडीत बोलला. पहिल्या वाक्याला एकजण हसला, दुसऱ्याला कुणी हसलं नाही. आणि मग एक गोष्ट झाली जी भाच्याच्या वहीत लिहिलेली नव्हती. मराठ्यांच्या सरदारानं वाट विचारली आणि शेतकरी नाही म्हणाला. भरती आहे, माझी जनावरं पलीकडे आहेत, तुमची लढाई संपल्यावर मी इथेच राहणार आहे. भाचा नंतर मला म्हणाला, “मामा, मी ठरवलं नव्हतं. त्या आवाजात ‘व्हय जी’ येईचना.”

कंस दुसऱ्या बाजूनंही काम करतो, आणि ती बाजू मला जास्त गंभीर वाटते. आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आवाज वाटून वाचतात. ख्रिस्ताची वाक्यं धर्मगुरू, एक निवेदक, एक इतर पात्रांसाठी, आणि जमावाची वाक्यं चर्चमध्ये बसलेल्या सगळ्यांनी. लॅटिनच्या काळात हे गात. जुन्या हस्तलिखितांत ओळींवर नुसती अक्षरं असत: एक सांगे भरभर, एक सांगे उंच, एक सांगे संथ. निवेदक भरभर, बाकीची माणसं उंच पट्टीत, ख्रिस्त खाली आणि संथ. नट नाही, वेश नाही. वेग आणि पट्टी यांवर माणसं वेगळी होत. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं ते लगेच वहीच्या समासात टिपून घेतलं.

पण मला सांगायचं होतं ते जमावाबद्दल. क्रूस मागणारी वाक्यं आपल्याला, आपल्याच तोंडानं, शेजाऱ्यांसमोर म्हणायची असतात. माझी आई त्या जागी गप्प बसायची. लहानपणी मी विचारलं तर म्हणाली, माझ्या तोंडून निघत नाही. मी म्हणतो. दरवर्षी त्या ओळीला चर्चमधला आवाज आपोआप उतरतो. पाचशे माणसं बोलतात आणि पन्नासांचा आवाज येतो. तिथे कुणापुढे कंस नसतो. अमरीश पुरी आमच्यासाठी ते वाक्य म्हणायला येत नाहीत.

किल्लेदार मात्र त्यांच्याच आवाजात बोलायचा. एका रात्री त्यानं किल्ल्याबाहेरच्या वाड्या तोडून बावखलं बुजवायचा हुकूम दिला. मराठ्यांना ना सावली मिळावी ना पाणी. भाच्यानं डोळे वटारून, खर्जात, असा काही हुकूम सोडला की टाळ्या पडल्या. लोक बेघर झाले आणि आम्ही सगळे खूश होतो. क्रौर्य अमरीश पुरींच्या खात्यावर जमा झालं होतं.

उत्तम शुक्रवारनंतरचा तो शनिवार म्हणजे पास्काचा जागर, त्यामुळे खेळ झाला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी भाच्यानं किल्लेदार स्वतःच्या आवाजात बोलायला घेतला. रोज आईकडे चहा मागतो त्याच आवाजात, जरा संथ. शेतकऱ्याची वाडी तोडायची आहे, उद्या सकाळी, माणसं आधी बाहेर काढा. ओरडला नाही. फासा टेबलावर पडून होता, कुणी उचलला नाही. आणि ती मुलगी, जी तीन महिने ‘माझं पात्र’ म्हणत होती, तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “मी जाऊ देणार नाही.” आवाज तिचाच होता. थोडा कापत होता.

परवा वही ओटीवर उघडी पडली होती म्हणून पाहिली. रीमा आहेत, डॉ. लागू आहेत. निळू फुल्यांच्या पुढे भाच्यानं बारीक अक्षरात ‘दिगू?’ असं लिहून ठेवलं आहे. किल्लेदारापुढचं नाव खोडलं आहे आणि कंस रिकामा आहे. शेतकऱ्यापुढे नटाचं नाव नाही. तिथे लिहिलं आहे, ‘संध्याकाळी, शिंपणं झाल्यावर, बावखलाच्या काठी बसून’.