पाणाड्याचा अंदाज

अंतःप्रेरणा म्हणजे कारण सांगता येण्याआधीच झालेला निर्णय. हर्बर्ट सायमन यांच्या मते तिच्यात गूढ काही नाही. अनुभवाने मेंदूत मुरलेला आकृतिबंध समोरच्या परिस्थितीशी जुळतो आणि उत्तर वर येते; जुळणी मात्र जाणिवेच्या आड राहते. विल्यम चेस यांच्यासह १९७३ साली त्यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद पाहून कसलेला खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी उभारी; मोहरी वाटेल तशी मांडली की त्याची सरशी जवळजवळ संपे.

बीड जिल्ह्यात अंतःप्रेरणेची ही शक्ती आणि तिची मर्यादा पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचे पाणी शोधून देणाऱ्याच्या, धंद्यात दिसते. पर्जन्यछायेतला हा जिल्हा बहुतांशी बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकात पाणी मिळते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणूनच एका शेतातल्या विहिरीला पाणी असते आणि बांधापलीकडचा बोअर कोरडा जातो. बोअरची गाडी बोलावण्याआधी अनेक शेतकरी ‘पॉइंट’ काढून घेतात. पाणाड्या तळहातावर आडवा नारळ ठेवून शेत फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण करतात.

नारळ हलतो, ही लबाडीच असते असे नाही. मनातल्या अपेक्षेने स्नायू माणसाच्या नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ सालीच मांडले होते. प्रश्न आहे तो ही अपेक्षा येते कुठून याचा. जमिनीचा उतार, ओढ्याचे वळण, भर उन्हाळ्यात हिरवा राहिलेला उंबर, शेजारच्या विहिरींची पातळी, या साऱ्या खुणा उघड्यावरच असतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्यावर अख्खा अध्याय लिहिला. शिवार तुडवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मेंदूत या खुणांची सांगड बसली असेल आणि ती हातावाटे प्रकट होत असेल, हे अशक्य नाही.

खुणाच काढून घेतल्या तर काय होते, हे १९८७-८८ साली म्युनिकजवळच्या एका कोठारात दिसले. तळमजल्यावर पाण्याचा नळ जागा बदलून ठेवत आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यांनी तो शोधायचा. काहींना तो सापडतो, असा निष्कर्ष प्रयोगकर्त्यांनी काढला. जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा यश योगायोगापलीकडे जात नव्हते.

डॅनिएल कानमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ साली भरवशाच्या अंतःप्रेरणेसाठी दोन अटी सांगितल्या: परिस्थितीत नियमितता हवी आणि चूक-बरोबर वेळेवर कळायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मुकादमाला दोन्ही लाभतात. ट्रॉलीत किती टन भरले याचा त्याने बांधलेला अंदाज कारखान्याच्या काट्यावर लगेच तपासला जातो. पाणाड्याचे तसे नाही. उथळ विहिरीच्या काळात जमिनीवरच्या खुणा पाण्याशी बऱ्याच अंशी जोडलेल्या होत्या. शेकडो फूट खोलवरच्या भेगेबद्दल उंबर फारसे काही सांगू शकत नाही. शिवाय लागलेल्या पाण्याची गोष्ट पंचक्रोशीत फिरते, कोरडा बोअर मात्र शेतकऱ्याच्या नशिबाच्या खात्यावर पडतो. अशाने पाणाड्याचा आत्मविश्वास वाढत राहतो, कौशल्य वाढेलच असे नाही, आणि आतून दोन्ही सारखीच जाणवतात.