शर्यतीमागचा कारभारी

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सायंकाळी पाळी सुटल्यावर जी वर्दळ उसळते, तिच्यात वाळूजच्या कारखान्यात घडलेल्या बजाजच्या रिक्षा असतात, कंपन्यांच्या बसगाड्या असतात, आणि सिग्नल सुटण्यापूर्वीच नारिंगी केटीएम रेस करणारा एखादा तरुणही असतो. त्या तरुणाला ब्रॅड बाइंडर या शर्यतपटूचे नाव मुखोद्गत असेल. परंतु ज्यांच्या मसलतीने ही परदेशी गाडी चाकणला तयार होऊन आपल्या रस्त्यावर आली, त्या कारभाऱ्यांची नावे त्याने ऐकलेली असतीलच असे नाही. जय स्वाराच्या पदरी पडावा आणि तो शक्य करणारा अधिकारी दफ्तराआड राहावा, ही शर्यतीच्या जगाची रीतच आहे.

ऑस्ट्रियातील केटीएम कंपनी 1991 साली दिवाळखोरीत निघाली, आणि पुढच्याच वर्षी स्टेफान पिअरर यांनी तिचा मोटारसायकलींचा व्यवसाय हाती घेऊन शर्यत हाच त्या व्यवसायाचा कणा ठरविला. डाकार रॅलीच्या मोटारसायकल विभागात 2001 पासून 2019 पर्यंत झालेली प्रत्येक स्पर्धा केटीएमने जिंकली. मेओनी, देप्रे, कोमा, प्राइस असे स्वार बदलत गेले, पण विजेती गाडी बदलली नाही. एखाद्या स्वाराचे कौशल्य एक-दोन वर्षांच्या यशाची उपपत्ती लावू शकेल. जवळजवळ दोन दशकांच्या अखंड यशाची उपपत्ती मात्र पैसा, माणसे आणि धीर यांची सातत्याने तरतूद करणाऱ्या कारभारातच शोधावी लागते. मोटोजीपी या शर्यतमालिकेत 2017 साली पूर्णवेळ उतरलेल्या केटीएमच्या चमूला पहिला विजय बर्नो येथे 2020 साली बाइंडरने मिळवून दिला, यातही तोच धीर दिसतो.

परंतु ज्या महत्त्वाकांक्षेने चमू उभा केला, तिनेच त्याचा पायाही पोखरला. मागणीपेक्षा उत्पादन वाढले, गुदामे न विकलेल्या गाड्यांनी भरली, आणि सुमारे दोन अब्ज युरोंच्या कर्जाखाली दबलेली कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाच्या दारी उभी राहिली. विलक्षण गोष्ट अशी की, धनको दावे मांडीत असतानाच, जानेवारी 2025 मध्ये, डॅनियल सँडर्सने केटीएमवरच डाकार जिंकली! मैदानावरील यश हे चालू कारभाराचे प्रशस्तिपत्र नसून पूर्वीच्या कारभाराचे व्याज असते, हे याहून स्पष्ट काय सांगावे? आणि म्हणूनच, चषक हाती असताना खजिना रिकामा होत असल्याचे भान सुटते.

या प्रसंगी धाव घेतली ती पुण्याने. राजीव बजाज यांच्या अमदानीत 2007 साली साडेचौदा टक्के हिस्सा घेऊन बजाज ऑटोने हा संबंध जोडला, लहान क्षमतेच्या गाड्या चाकणला बनवून तो फलद्रूप केला, आणि 2025 मध्ये, धनकोंनी तीस टक्क्यांवर तडजोड मान्य केल्यानंतर, एकूण ऐंशी कोटी युरोंचे साहाय्य उभारून त्याच वर्षी कंपनीचा ताबा घेतला. आता त्या शर्यतचमूचे भवितव्य बव्हंशी बजाजच्या आकुर्डीच्या दफ्तरात ठरणार आहे.

कारभाऱ्याचे मोजमाप कसे करावे, याचा दाखला छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासातच आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 साली खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसविली आणि तिला नहरीचे पाणी दिले. तो 1626 मध्ये वारला आणि दहा वर्षांत निजामशाही बुडाली; त्याच्या तलवारीचा दरारा त्याच्याबरोबर संपला, पण नहर शतकानुशतके वाहत राहिली. जे कर्त्याच्या उपस्थितीवर अवलंबून होते ते गेले, जे व्यवस्थेत उतरले होते ते टिकले.

पिअरर यांनी शर्यतीची सवय व्यवस्थेत उतरविली, हिशेबाची शिस्त मात्र उतरविली नाही. नव्या धन्यांनी ती सवय खर्चाच्या सदरात पहिल्या फटक्यात कापू नये, आणि केवळ चषकांच्या मोहाने तिला मोकळे रानही देऊ नये. कारण उद्याच्या विजयाचे श्रेय त्यांना कोणी देवो न देवो, उद्याच्या दिवाळखोरीची जबाबदारी त्यांचीच असेल.