पाचोळा

शिशिर सरताना बदाम, पिंपळ, साग पानं ढाळतात. मोठ्या आवारांत खराटे फिरतात, ढीग होतात आणि काडी लागते. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, तरी सकाळी तो धूर येतोच. फार वाईट वाटतं, कारण ती पानं म्हणजे उद्याची माती.

हिरवळीवर पातळ थर असेल, तर गवत कापायचं यंत्र त्यावरूनच फिरवावं. चुरा गवतात मुरतो. जाड थर मात्र उचलावाच, नाहीतर उन्हाविना गवत पिवळं पडतं. तो झाडांच्या आळ्यांत पसरावा, खोडापासून थोडा दूर. उरलेला जाळीच्या पिंजऱ्यात दाबून भरावा आणि शेणकाला शिंपडून ओला ठेवावा. सुक्या पानांत कर्ब भरपूर, नत्र कमी. ती उणीव शेण भरून काढतं.