घरी शिकणाऱ्याची वेळ

ऑनलाइन पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग नसतो, घंटा नसते, हजेरी घेणारे कोणी नसते. महाविद्यालयात या गोष्टी संस्था सांभाळते. इथे त्या विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या घराच्या अंगावर येतात. त्यामुळे या शिक्षणाची पहिली तयारी म्हणजे वेळ राखून ठेवणे. मोबाइल, लॅपटॉप, इंटरनेट ही तयारी त्यानंतरची.

घरी राहून पदवी मिळवण्याची वाट महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुळवली. हे विद्यापीठ 1 जुलै 1989 रोजी नाशिकला स्थापन झाले, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. तिथल्या पाठ्यपुस्तकांची घडणच एकट्याने शिकणाऱ्यासाठी आहे. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येमध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे. हे प्रश्न ओलांडून पुढे वाचत जाणे ही सर्रास होणारी चूक आहे. उत्तर वहीत लिहून मग मागच्या उत्तराशी ताडले, तरच समजले की नुसते वाचले हे कळते. 2017 पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर चित्रफितींचे अभ्यासक्रम आले. तिथेही हीच पद्धत लागू पडते: चित्रफीत थांबवावी, लिहावे, पुढे जावे.

वेळ किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला 120 तास लागतात. पंधरा आठवड्यांत तो संपवायचा तर आठवड्याला आठ तास. असे तीन विषय असले की चोवीस तास, म्हणजे रोजचे जवळजवळ साडेतीन. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हा आकडा घरात सर्वांसमोर मांडायला हवा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडसारख्या तालुक्यात हा हिशेब शेतीच्या वेळापत्रकाला धरूनच करावा लागतो. पैनगंगेच्या काठच्या या भागात सोयाबीन, कापूस, ऊस आणि हळद ही मुख्य पिके. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी असते, पाठोपाठ कापसाची वेचणी. उन्हाळा लागता लागता हळद काढणे, शिजवणे, वाळवणे सुरू होते आणि घरातली सगळी माणसे त्यात गुंततात. उन्हाळी सत्राची परीक्षाही पुढे उभी असते. ज्याने पावसाळ्यातच स्वाध्याय लिहून ठेवले, त्याला या दिवसांत फक्त उजळणी उरते. बाकीच्यांना वर्षाचा अभ्यास आणि हळद एकाच महिन्यात उरकावी लागते, आणि तेव्हा अभ्यासच मागे पडतो.

सर्वांत कठीण वाट सुनेची असते. ती घरातच दिसते, म्हणून ती मोकळी आहे असे सगळे धरून चालतात. पहाटे पाच ते सात ही वेळ तिची ठरली असेल, तर त्या वेळचा चहा दुसऱ्या कोणीतरी करायला हवा. एवढी साधी गोष्ट ठरली नाही, म्हणून चांगली बुद्धी असूनही शिक्षण सुटते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही वेळ स्वतः जाहीर करावी. तिला ती रोज मागावी लागू नये.

साधनांबाबत थोडक्यात. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या गावात चित्रफिती आणि पीडीएफ चांगल्या रेंजमध्ये आधीच उतरवून ठेवाव्यात. मोबाइलवर पाहता येते, पण लांब उत्तर लिहायला कागदच बरा. मराठी टंकलेखन पहिल्याच महिन्यात शिकून घ्यावे. ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत आठवड्याचा स्वाध्याय बहुधा बुधवारी रात्री 11:59 पर्यंत भरायचा असतो. त्यासाठी आधीचा रविवार हीच शेवटची तारीख मानणारा विद्यार्थी वीज गेली तरी अडचणीत येत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण धरतात, म्हणून एक हुकला तरी सोडून देण्याचे कारण नाही. मात्र अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. उमरखेडहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. केंद्र निवडताना जिल्ह्याचे नाव न पाहता अंतर आणि एसटीची वेळ पाहावी.

प्रवेशापूर्वी एक पडताळणी अत्यावश्यक आहे. विद्यापीठाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची आणि त्या वर्षाची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर पैसे भरू नयेत. वैद्यकीय, अभियांत्रिकी, परिचर्या यांसारख्या पदव्या या मार्गाने देण्यास परवानगी नाही. ‘स्वयम्’चे प्रमाणपत्र हे एका विषयाचे असते, ती पदवी नव्हे. मान्यता असलेली ऑनलाइन किंवा मुक्त शिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. अशी पदवी असलेल्या उमरखेडच्या मुलीला राज्यसेवा परीक्षेचा अर्ज भरता येतो.